चवीपुरतं

"ताई, आत्ता तोंडात काय टाकलंत?"

"कुठे काय. मीठ बघितलं."

भावजयीने हातातली सुरी बाजूला ठेवली, ओले हात पुसले आणि मोबाइल काढला. "मग भरू का?"

"मीठ बघितलेलं भरतात का कुणी? उद्या श्वास घेतलेला भरशील."

एरवी भावजय नणंदेच्या असल्या बोलण्याला खुदकन हसायची. आज हसली नाही. मोबाइल परत ॲप्रनच्या खिशात टाकून तिने कांदे पुढे ओढले. नणंदेने, म्हणजे मावशींनी, डावातला रस्सा पातेल्यात झटकला आणि दुसऱ्या पातेल्याकडे वळल्या.

कारखान्याच्या त्या कँटीनमध्ये त्यांना सगळेच मावशी म्हणत. मॅनेजरही म्हणायचा, आणि तो तर त्यांच्याहून वयाने मोठा होता. चारशे माणसांचा स्वयंपाक त्यांच्या हाताखाली व्हायचा आणि मावशींनी 'हं' म्हटल्याशिवाय एकही पातेलं खिडकीकडे सरकायचं नाही. मावशी अंगाने भरपूर होत्या. "स्वयंपाकीण वाळकी असेल तर तिच्या हातचं कोण खाईल," असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि सगळ्यांच्या आधी हसायच्या.

पण आता त्यांच्या वजनावर धाकट्या भावाचा जीव टांगलेला होता. धाकटा शिंपी. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा त्याला इस्पितळात यंत्राला जोडून पडून राहावं लागायचं. भावजयीचा रक्तगट जुळेना. मावशींचा जुळला, पुढच्याही सगळ्या तपासण्या जुळल्या. घरात तेवढा एक दिवस आनंद झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मावशींना काट्यावर उभं केलं आणि मान हलवली.

"किडनी झकास आहे. पण एवढ्या वजनावर मी तुमचं पोट उघडणार नाही."

"किडनीला काय करायचंय मी जाड असले तर?"

"किडनीला नाही, तुम्हाला धोका आहे. पुढे एकाच किडनीवर एवढं शरीर ओढायचंय. बारा किलो उतरवा आणि या."

आहारतज्ज्ञ म्हणून बसलेल्या मुलीने दोन वाटा सांगितल्या. पहिलीत घरचंच खायचं, पण जे जे पोटात जाईल ते मोजून मोबाइलमध्ये भरायचं आणि दिवसाची कॅलरी ठरलेल्या आकड्याच्या आत ठेवायची. दुसरी वाट म्हणजे रीतसर कार्यक्रम. केंद्रात नाव घालायचं, तिन्ही वेळा त्यांचंच पाकीट, जोडीला उकडलेली भाजी आणि दर आठवड्याला सगळ्यांसमोर वजन. त्यात बाहेरचा घाससुद्धा चालत नाही. "बोटाला लागलेलंही चाटायचं नाही," मुलगी म्हणाली. "दोन्हींनी उतरतं. तुम्हाला काय झेपेल ते तुम्हीच ठरवा."

मावशींनी तिथल्या तिथे मोजणं निवडलं. घरी त्यांनी पाकिटांच्या किमतीचं कारण दिलं आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. चव न घेता स्वयंपाक करायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. चारशे माणसं आपल्या जिभेवर जेवतात याचा त्यांना गर्व होता. तसा दुसऱ्या कशाचा गर्व करावा असं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतंच.

मोजायचं काम भावजयीने अंगावर घेतलं. ती त्याच कँटीनमध्ये भाज्या चिरायला होती आणि राहायलाही दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून. मावशींच्या ताटात अर्धा भात, थोडी भाजी, एक पाव. रात्री सूप. भूक लागली की त्या पाणी प्यायच्या आणि झोप येईपर्यंत छताकडे बघत पडायच्या. पहिल्या पंधरवड्यात दोन किलो उतरले. नंतर काटा जो रुतून बसला तो हलेचना.

धाकटा म्हणायचा, "ताई, राहू दे गं. माझ्यापायी उपाशी कशाला मरतेस?"

"तू गप. तुला कोण विचारतंय?"

"माझ्याच पोटात घालणार ना ती? मग मला नको विचारायला?"

असं म्हणून तो हसायचा आणि हसताना त्याला धाप लागायची. मग दोघंही दुसरंच काही बोलायला लागायची.

दोन महिने झाले, त्यावर आणखी काही दिवस गेले. एका दुपारी जेवणं आटोपून पातेली धुवायला गेली होती. भावजय ओटा पुसता पुसता थांबली.

"ताई, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"तुम्हाला द्यायची नसेल तर मला सांगा. भीती वाटते माणसाला, त्यात काही चूक नाही. मी ह्यांना कळू देणार नाही. डॉक्टर नको म्हणाले असं सांगू."

मावशींना आधी ती काय बोलतेय तेच कळेना. कळलं तेव्हा त्यांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "अगं, काय बोलतेस तू हे?"

"मग काटा का हलत नाही? मी भरते ते सगळं खोटं आहे का? एवढंसं खाऊन माणूस असाच कसा राहतो?" तिचा आवाज चढला नव्हता. ती थकली होती. "रात्री तुम्ही काही खाता का, एवढंच सांगा."

मावशींनी नाही म्हणून मान हलवली. शपथ घ्यावी असं वाटलं, पण कुणाची घ्यायची? ज्याची घ्यायची तो असा पडलेला. सख्ख्या भावाचा जीव आपण खाण्यापायी घालवतोय असं या पोरीला वाटतं, आणि तिला खोटं ठरवायला आपल्याकडे काहीच नाही, या विचाराने त्यांना त्या रात्री भुकेचीही आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी भावजयीने काही न बोलता ओट्याच्या कोपऱ्यात एक रिकामा वाडगा ठेवला. मावशी कामात होत्या. रस्स्यात मीठ पडलं, डाव तळहातावर टेकला, जीभ लागली. उकळी आली, पुन्हा टेकला. खिडकीकडे जाण्याआधी पुन्हा एकदा. भाताची शितं बोटांनी दाबली आणि तोंडात टाकली. बटाटा शिजला का, अर्धी फोड. डाळ, भाजी, गोडाचं पातेलं, पहिली खेप, दुसरी खेप. त्यांचा हात तोंडाकडे गेला की भावजय तेवढंच त्या पातेल्यातून काढून वाडग्यात घालत होती.

जेवणाची घंटा झाली तेव्हा तिने वाडगा मावशींपुढे ठेवला. तो काठोकाठ भरला होता आणि खाली ताटलीत ओघळलाही होता.

"हे काय?"

"तुमचं मीठ बघणं."

मावशी त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. चांगलं खाणाऱ्या माणसाचं एक वेळचं पोटभर जेवण होतं ते, वर गोड. आयुष्यभर त्यांनी रोज एक जेवण उभ्याने जेवलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. चव बघणं म्हणजे खाणं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मी तुम्हाला काय काय बोलले काल," भावजय म्हणाली आणि पदराने तोंड दाबून रडायला लागली.

"बोललीस ते बरंच केलंस," मावशी म्हणाल्या. त्यांना रडूही येईना. अडीच महिने गेले होते, ते कुठे गेले ते आता समोर दिसत होतं.

आधी त्यांनी चव घेऊन थुंकायचं ठरवलं. अन्न थुंकायचं म्हणजे जिवावरच आलं, पण दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने बघितलं. तो बिचारा वाईट नव्हता. बाजूला बोलावून हळूच म्हणाला, "मावशी, उद्या कारखानाभर होईल की मावशी जेवणावर थुंकतात. माझीही नोकरी जाईल आणि तुमचीही." त्याच संध्याकाळी मावशींनी केंद्रात नाव घातलं.

चव घ्यायचं काम भावजयीकडे आलं आणि तिथे नवाच घोळ झाला. धाकट्याला मीठ बंद होतं. त्याला एकट्याला अळणी कसं वाढायचं, म्हणून भावजयही गेलं वर्षभर अळणीच जेवत होती. तिच्या जिभेला चिमूटभर मीठही झोंबायचं. मावशी विचारायच्या, "झालं का गं बरोबर?" ती म्हणायची, "खारटच झालंय थोडं." मग मावशी पाणी वाढवायच्या. आठवडाभरात कामगार खिशात मिठाच्या पुड्या घेऊन यायला लागले.

"मावशी, डाळ आहे का भांडी धुतलेलं पाणी?" खिडकीतून एक फिटर ओरडला. रांग हसली.

आजवर त्या खिडकीतून मावशींनी कधी उणं ऐकून घेतलं नव्हतं. डाव हातात होता. एक थेंब जिभेवर टेकवला असता तर काय कमी आहे ते लगेच कळलं असतं. हात अर्ध्यावर गेलाही. मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाल्या, "पाणीच आहे. गिळ मुकाट्याने." त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

केंद्रात दर आठवड्याला खुर्च्या गोल मांडून बसवायचे. वजन का उतरवायचंय ते ज्याने त्याने उठून सांगायचं. कुणाला लग्नात बारीक दिसायचं होतं, कुणाला जिना चढताना दम लागत होता. मावशींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात." खरं सांगितलं तर हे लोक टाळ्या वाजवतील आणि ते आपल्याला सोसणार नाही, असं त्यांना वाटलं. टाळ्या नंतर वाजल्याच. दर आठवड्याला काटा खाली येत होता. मावशींच्या दंडाची कातडी लोंबायला लागली, गाल बसले. पाकिटातली ती पिठूळ पेज पिताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. भूक अशी लागायची की ओट्यापाशी उभं राहिल्या राहिल्या डोळ्यांत पाणी यायचं. पण त्यांनी बोट चाटलं नाही, एकदाही नाही.

बारा किलो पुरे झाले त्या आठवड्यात तिघं इस्पितळात गेली. मावशी काट्यावर उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांनी मान डोलावली. धाकट्याच्याही सगळ्या तपासण्या नव्याने करायच्या होत्या. त्या झाल्या. चार दिवसांनी डॉक्टरांनी दोघी बायकांनाच आत बोलावलं, तेव्हाच भावजयीने मावशींचा हात धरला.

"तुम्ही फार मोठं काम केलंत," डॉक्टर मावशींना म्हणाले. "पण मधल्या काळात त्यांचं हृदय फार दमलंय. एवढी मोठी शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही. यंत्र चालू ठेवू. जितकं चालेल तितकं."

मावशींनी विचारलं, "आणि अडीच महिने आधी आलो असतो तर?"

डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली. "तसं सांगता येत नाही," ते म्हणाले.

भावजय उठली. तिने मावशींच्या हातातला हात सोडला नव्हता. "चला ताई," ती म्हणाली, "ह्यांची यंत्राची वेळ होईल." यापलीकडे ती त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही त्याबद्दल कधी बोलली नाही. बोलली असती तर मावशींना बरं वाटलं असतं. एवढ्या कष्टाने हलकं केलेलं अंग घेऊन आता कुठे जायचं, ते त्यांना समजत नव्हतं.

धाकट्याला सांगावं लागलं नाही. त्याने दोघींची तोंडं बघितली आणि काय ते ओळखलं.

एके दिवशी सकाळी मावशी त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो खिडकीशी शिलाईमशीनवर बसला होता. हल्ली तो फार तर बटण लावायचा, कुणाची बाही शिवायचा. मावशींनी कँटीनचा पांढरा कोट अंगात घातला होता. तिथून त्या कामावर जाणार होत्या.

"तो कोट काढ," तो म्हणाला. "कुणाचा मागून आणलाय असं वाटतंय."

"राहू दे रे. आता काय. पुन्हा भरेनच मी."

"काढ म्हणतो ना."

त्याने टेप घेऊन त्यांचं माप घेतलं. दंड, छाती, कंबर. खांद्याला धरून गिऱ्हाइकाला फिरवतात तसं त्यांना फिरवलं आणि मधे एकदा त्यांच्याच खांद्याचा आधार घेऊन दम खाल्ला. मग खडूने खुणा करून तो मशीनवर बसला. मावशी शेजारी पलंगावर बसल्या. आतल्या खोलीत भावजय भांडी लावत होती.

"कापत नाही हं मी," तो म्हणाला. "माया आतच ठेवतो, जादाचं कापड सगळं आतच राहतंय. अंग भरलं की उसव."

"मी कशाला उसवू? तू आहेस की."

त्याने सुईत दोरा घालायला दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा गेला. "लांब टाका घालतो," तो म्हणाला. "इथे काखेखाली टोक सोडून ठेवलंय. ते धरून ओढलं की सगळी शिवण सुटते. कुणालाही जमेल. बघ, हात घाल आणि शोध."

मावशींनी कोट मांडीवर घेतला आणि बाहीत हात घातला. टोक त्यांच्या बोटांना लगेच लागलं.

"नाही रे सापडत," त्या म्हणाल्या. "परत दाखव."

त्याने खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात धरून तो परत पहिल्यापासून दाखवायला लागला.