बापूरावांची सहा वर्षांची बॅटरी

बापूराव एसटीच्या डेपोत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या ताब्यात एकच बॅटरी उरली, घरच्या छोट्या पांढऱ्या गाडीची. दर रविवारी ब्रह्मपुरीतल्या घराच्या अंगणात ते बोनेट उघडत, टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवून काढत, कोरडं करून वरून व्हॅसलीन लावत. मग झाकणं काढून एकेका कप्प्यात डोकावत आणि कमी असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर टाकत. शेजाऱ्याने एकदा बॅटरीत नळाचं पाणी टाकलं, तर बापूराव त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

गाडी चालवायची नंदिनी, त्यांची मुलगी. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. बॅटरीच्या पोटात काय चालतं हे तिला चांगलं माहीत होतं, पण बोनेटला हात लावायची परवानगी मात्र नव्हती.

जानेवारीत अश्विनचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, वडशाला ठरलं. अश्विन म्हणजे बापूरावांचा भाचा. मामा आल्याशिवाय काही सुरू होणार नव्हतं. सकाळी नंदिनीने किल्ली फिरवली तर गाडी नुसती कण्हली. तिसऱ्या खेपेला कशीबशी सुरू झाली.

"बाबा, बॅटरी बदला आता," ती म्हणाली. "महिनाभरापासून असंच होऊन राह्यलं. हॉर्न वाजवला की दिवा मंद होते. आन् तिच्या बाजू पाह्यल्या का? फुगल्या आहेत."

"थोडी अंगानं भरली, बस. आत्ताच मीटर लावून पाह्यलं मी. साडेबारा व्होल्ट. थंडीनं आखडली असन."

"तुम्ही दोघंबी खुशाल भांडा," मागच्या सीटवरून नंदिनीची आई बायनाबाई म्हणाल्या, "पण चालत्या गाडीत भांडा."

वडशाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. नंदिनीने इंजिन चालूच ठेवलं.

"बंद कर ना. काऊन पेट्रोल जाळून राह्यली?"

"पुन्हा सुरू नाई झाली तं?"

"माह्या बॅटरीवर भरोसा नाई तुले?"

नंदिनीने आईकडे पाहिलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं. नंदिनीने इंजिन बंद केलं.

मालगाडी गेली, फाटक उघडलं. नंदिनीने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् टक्. मागे धानाचे ट्रक, जीपा, मोटारसायकली, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले. बापूराव खाली उतरले, बोनेट उघडून टर्मिनल हलवून पाहिलं. ते घट्ट होतं, आरशासारखं चकाकत होतं. करण्यासारखं काहीच नव्हतं. डेपोत तीस वर्षं ज्यांनी एकही गाडी रस्त्यावर बंद पडू दिली नाही, ते स्वतःच्या गाडीपुढे उभे राहून घाम पुसत होते.

तेवढ्यात मागच्या मिनीबसमधून पाच-सहा जण उतरले. रात्री कुठल्याशा गावात नाटक करून परतणारी ती मंडळी होती. एकाच्या अंगावर अजून इन्स्पेक्टरची वर्दी, एकीच्या गालावर लाली. सगळ्यांत धिप्पाड गड्याच्या कपाळावर रंगवलेली जखम तशीच होती.

"ताई, सेकंड गिअरमधी टाका, क्लच दाबून ठेवा," तो म्हणाला. "मी कुलदीप, नाटकातला व्हिलन. आज मले पुण्य कमावू द्या."

ट्रकवाल्यांनी त्याला ओळखलं आणि हॉर्नच्या जागी शिट्ट्या वाजू लागल्या. गाडी ढकलली गेली, नंदिनीने क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिन धडधडलं. बापूराव धावत येऊन आत बसले. बायनाबाई कुलदीपला हात जोडत राहिल्या.

"आता मधी कुठीच बंद करू नको," बापूराव हळूच म्हणाले. "सरळ बॅटरीच्या दुकानात घे."

दुकान दिव्यानी नावाच्या तरुण बाईचं होतं. आधी तिने मीटर लावलं. चांगला आकडा दिसला. बापूरावांनी मुलीकडे पाहिलं. मग दिव्यानीने दुसरं यंत्र जोडलं, बॅटरीवर जोर टाकणारं, आणि काटा झपकन आठावर आला.

"नुसती उभी असते तवा ठीक दाखवते, भाऊ. काम सांगितलं का बसते."

ही लोड टेस्ट केल्याशिवाय डेपोतून बापूरावांनी बस सोडली नसती. घरी मात्र सहा महिन्यांपासून त्यांनी ती टाळली होती.

"किती वर्षांची?" दिव्यानीने विचारलं.

"सहा."

"सहा? आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन-चार वर्षं झाले म्हंजे लय झालं. कोणं सांभाळली जी?"

बापूरावांचा चेहरा जरा खुलला. पण दिव्यानीने नवी बॅटरी काउंटरवर ठेवली आणि सांगितलं, "हिच्यात पाणी टाकाचं कामच नाई."

"मंग मी काय करू?" ते बोलून गेले.

कोणी हसलं नाही. नंदिनीने कुर्त्याच्या बाह्या वर सारल्या. "मले शिकवा, बाबा. बसवतो मी."

बापूरावांनी क्षणभर विचार केला आणि पाना तिच्या हातात दिला. "काढताना मायनस आधी. हाव. आता प्लस. पट्टी सोड. उचल, वाकडी नको करू." नवी ठेवून झाली तेव्हा तिने मायनसची वायर धरली. ते गरजले, "प्लस आधी! मायनस सगळ्यात शेवटी!" दुकानातले दोघं दचकले. नंदिनीला हसू आलं. बापूरावांचा हा डेपोतला आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला होता. पट्टी आवळून तिने बॅटरी हलवून पाहिली, हलली नाही. किल्ली फिरवताच गाडी एका दमात सुरू झाली.

साक्षगंधाला ते तासभर उशिरा पोचले. मांडवात सगळे खोळंबले होते, अश्विनला घाम फुटला होता. "फाटक बंद होतं," नंदिनीने सांगायला सुरुवात केली.

"फाटक उघडलं होतं," बापूराव मध्येच म्हणाले. "बॅटरी मेली होती. पोरगी महिन्यापासून सांगून राह्यली होती, मीच आयकलं नाई. नवी तिनंच बसवली."

सगळ्यांच्या नजरा नंदिनीच्या काळ्या झालेल्या हातांकडे गेल्या. मुलीकडचे एक आजोबा पुढे सरकले.

"बाई, माही जीपबी सकाळी त्रास देऊन राह्यली. पाह्यता का?"

"पाह्यतो ना," नंदिनी म्हणाली. "पण पह्यले साक्षगंध होऊ द्या, आन् मले जेवू द्या."