काल्याच्या कीर्तनातली बॅटरी

कीर्तन लवकर संपावं, असं देवरावनं उभ्या आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं, आणि तेही काल्याच्या कीर्तनात, गळ्यातला टाळ उतरवून.

देवराव लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, पुंडलिकरावांच्या बॅटरी कारखान्यात चार्जिंग सांभाळायचा. बावीस वर्षं झाली. नवी बॅटरी तीन दिवस संथ चार्ज झाली पाहिजे, हा त्याचा नेम. पुंडलिकरावांचा मुलगा अमर पुण्याहून शिकून आला आणि म्हणाला, दीड दिवस पुरे, वीजबिलानं कंबरडं मोडतंय. मग दीड दिवसाच्या बॅटऱ्या दुकानांतून परत येऊ लागल्या. मुलगा म्हणे धंदा बसला, शेड विकू. बाप म्हणे मी असेपर्यंत नाही. चाळीस माणसांची सहा उरली. देवरावलाही नागपूरहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. "आपला माल वापस येऊन राह्यला अन् मी तोंड लपवून पळू काय?" असं तो बायकोला, तुळसाबाईला म्हणाला आणि राहिला.

बाप-लेकाचं बोलणं तर केव्हाच बंद झालं होतं. एकाच टेबलाशी बसून पुंडलिकराव म्हणायचे, "देवराव, त्याले सांग, बापाले शिकवू नको." अमर म्हणायचा, "देवरावकाका, बाबांना सांगा, ऐकलं मी."

अशात दिग्रसचा धावजी आला. मंडप आणि लाऊडस्पीकरवाला, गावोगावच्या सप्त्यांची कामं त्याच्याकडं. त्याला साठ बॅटऱ्या हव्या होत्या. "पण दादा, कागदावरचं मले समजत नाही. आमच्याकडं दिवसा लाइन नसते. बॅटरीनं काल्याचं कीर्तन पुरं काढलं तं माल घेतो."

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी मांडवात दोन भोंगे, आवाज वाढवायची दोन मशीन, दोन बॅटऱ्या. पुरुषांच्या बाजूला देवरावची तीन दिवसांची, बायांच्या बाजूला हट्टानं अमरची दीड दिवसाची. धावजीनं माल घेतला नाही तर शेड विकायची, हे बाप-लेकांत ठरलं होतं. अर्थात देवरावमार्फत.

दहाला कीर्तन उभं राहिलं. महाराज असे रंगले की मृदंगवाल्याला घाम पुसायला सवड नाही. गवळ्यांची पोरं आपापली शिदोरी सोडताहेत, कोणाची भाकर, कोणाचं ताक, देव सगळं एका हंड्यात कालवतो आहे. देवरावचे डोळे भरून आले. तेवढ्यात, सव्वाअकराला, बायांच्या बाजूचा भोंगा घरघरला आणि गप्प झाला.

तुळसाबाई उभी राहिली. "अहो, इकडचं बंद पडलं. आमी काय महाराजांचे नुसते हात पाहाचे?"

बाया हसल्या. अमर पांढराफटक. त्यानं बॅटरीचे चिमटे हलवून पाहिले, काही नाही. पुंडलिकरावांनी मात्र देवरावचा गुडघा दाबला. "बस गुपचूप. आपली चालून राह्यली. पाऊण तास काढला की जिंकलो."

देवरावनं बायांकडं पाहिलं. पहाटेपासून चुलीपुढं राबून बसलेल्या, माना उंचावून ऐकू पाहणाऱ्या. त्यानं गळ्यातला टाळ काढला, अमरच्या मशीनची वायर ओढत आणली.

पुंडलिकरावांनी मनगट धरलं. "येडा झाला काय? दोघांचं ओझं एकीवर टाकशीन तं मधातच बसन. मंग शेड गेलीच समज."

"भाऊ, अर्धा मांडव उपाशी ठेवून काला कसा होईन?"

चिमटा लागला. दोन्ही भोंगे एकदम बोलले.

आणि बॅटरीवरच्या मीटरचा काटा उतरू लागला. साडेअकरा. पावणेबारा. बारा वाजले तरी महाराजांचा हंडा कालवून होईना. आणखी एक दृष्टांत निघाला. काटा लाल खुणेपाशी आला. तेव्हा देवरावनं हात जोडले. पांडुरंगा, आवरतं घे रे आता. लगेच त्यानं स्वतःच्याच गालावर चापट मारली.

शेजारी अमर येऊन उकिडवा बसला होता. "काका, गजर चालू असतो तेव्हा हजार माणसं गातात. माईक लागतोच कुठं? तेवढ्यात आवाज पार उतरवला तर वाचेल?"

देवराव पाहतच राहिला. "वाचन. पण दोन्हीकडचा संगच उतरला पाहिजे."

एका मशीनवर अमर, दुसरीवर पुंडलिकराव. गजर उठला. "अमर, कमी कर," बाप ओरडला. "केला. बाबा, तुमचा राहिला." महाराज बोलू लागले. "वाढव रे." "वाढवला, तुम्ही वाढवा." विठ्ठल विठ्ठल उठलं की खाली, बोल आला की वर. दोघांची बोटं टाळासारखी एका ठेक्यात पडू लागली. देवराव मधोमध बसला होता आणि त्याला कोणी काही सांगायला सांगत नव्हतं.

साडेबाराला हंडी फुटली. शेवटचा शब्द घोगरा आला, पण थेट मागच्या रांगेपर्यंत आला. मग काटा पडला.

धावजी पानावर काला घेऊन आला. "एकीनं दोघींचं काम केलं. साठ द्या. पण देवरावदादाच्या हातच्या, तीन दिवसवाल्या."

पुंडलिकरावांचा चेहरा फुलला. सवयीनं ते म्हणाले, "देवराव, त्याले सांग..."

देवरावच्या तोंडात लाह्या-दह्याचा मोठा घास होता. त्यानं नुसतं बोटानं दाखवलं, लेक तुमच्या हाताशीच उभा आहे.

पुंडलिकरावांनी घसा साफ केला. "तीन दिवस, अमर."

"तीन दिवस, बाबा," अमर म्हणाला आणि त्यानं पानावरचा काला बापापुढं धरला.

"आता तरी टाळ घाला गळ्यात," मागून तुळसाबाई म्हणाली. "आरती उभी राह्यली."