समदं साफ करा

मित्रांनो, माझ्या कडांमध्ये हळदीची भुकटी बसली आहे म्हणून मला नावं ठेवू नका. मी कुरुंदा गावातल्या एका घरातला जुना मोबाइल आहे. नवा होतो तेव्हा मीही लखलखीत होतो.

माझे मालक जळबा ट्रकवर ड्रायव्हर होते. सारखे बाहेरगावी, म्हणून लेकीसाठी त्यांनी माझ्यात आवाज भरून ठेवला होता : "शिवकन्या, जेवली का? आईला तकलीफ देऊ नको. मी येऊनच राहिलो." पुढे ते अपघातात गेले. तेव्हापासून तो आवाज ऐकल्याशिवाय ते लेकरू घास तोंडात घेईना. घरात माझा मान वाढला, पण मला त्याची भीतीच वाटायची, कारण तो आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

शिवकन्येची आई द्वारकाबाई हळदीच्या कामावर मला कमरेला खोचून नेत. एके दिवशी मी सुरूच होईना. कंपनीच्या चिन्हावर अडकून बसलो. त्यांना वाटलं, आत हळद गेली. त्यांनी मला वारंगा फाट्यावर सोमेश्वरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

सोमेश्वर नवं सॉफ्टवेअर चढवू लागला. पण आमच्या दाराशी बूटलोडर नावाचा राखणदार असतो. फोन सुरू करताच तो आधी जागा होतो आणि कंपनीच्या मोहरेशिवाय काही आत घेत नाही. माझ्या मॉडेलचं नेमकं सॉफ्टवेअर काही केल्या सापडेना. उरलं एकच, राखणदाराचं कुलूप काढणं. आणि ते निघालं की आतलं सगळं पुसलं जातं. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून तशी सोयच केलेली असते.

"काकू, लॉक काढावं लागंल. आतलं समदं साफ होईल. चालंल का?"

द्वारकाबाईंचा चेहरा खुलला. "चालंल की! लई घाण बसली हाय. समदं साफ करा, भाऊ."

त्या हळदीबद्दल बोलत होत्या. हे मला कळत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं. सोमेश्वरनं बटण दाबलं.

पुसलेल्या फोनला हे कसं आठवतं, ते मलाही ठाऊक नाही. मित्रांनो, जो आवाज पुन्हा मिळायचा नाही, तो माझ्यासारख्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. दुरुस्तीला देताना काय जाणार, ते खोदून खोदून विचारा.

आता घरात ताट वाढलं आहे. मी झटकन सुरू होतो, पूर्वीपेक्षा चांगला चालतो. द्वारकाबाई तो आवाज शोधून शोधून थकल्या आहेत. शिवकन्या मला कानाशी धरून म्हणते, "पप्पा, मी जेवली न्हाई अजून."