वाटेत हरवलेले आयन

महिपतराव कदम सिटी सेंटर भागातल्या आमच्या कॅन्सर हॉस्पिटलचे मुख्य फिजिसिस्ट. रेडिएशनच्या मशीनमधून रोग्याला नेमका किती डोस मिळतो ते मोजणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या हाताखाली माझं. बावीस वर्षांचा अनुभव, असं ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. मोजणीच्या दिवशी मात्र एसीखाली बसून मोबाइलवर क्रिकेट बघत.

मला येऊन चार महिने झाले होते. मोजायचं मी. फॉर्मवर दुरुस्तीचे आकडे त्यांनी आधीच भरलेले असत. एका शनिवारी त्यातला एक आकडा मला खटकला. १.००३. जुन्या मशीनच्या फाइलीत सहा वर्षं हाच आकडा होता. माणसाने मशीन बदललं, आकडा नाही.

डोस मोजायला आम्ही बोटाच्या पेराएवढं, हवा भरलेलं एक चेंबर वापरतो. किरणं पडली की त्या हवेत आयन सुटतात, व्होल्टेज त्यांना ओढून घेतं, आणि जमलेल्या चार्जवरून डोस कळतो. काही आयन मात्र वाटेतच एकमेकांना गाठून नाहीसे होतात, मोजलेच जात नाहीत. तेवढी तूट त्या दुरुस्तीच्या आकड्याने गुणून भरून काढावी लागते. नवं मशीन एकेका झटक्यात कितीतरी जास्त किरणं सोडतं. आयनांची गर्दी जास्त, म्हणून तूटही जास्त.

मी तीनशे व्होल्टवर मोजलं, मग शंभरवर. दोन्हींतल्या फरकावरून खरा आकडा काढला. १.०१२.

"सर, आपण जवळजवळ एक टक्का कमी मोजतोय."

त्यांनी मान वर केली नाही. "एक टक्का? अंतराबाई, दाल बाज़ारात तराजूत याहून जास्त मारतात. इतना तो चलता है."

"तिथे गिऱ्हाइकाला कमी मिळतं सर, ते भांडतं. आपण कमी मोजतो म्हणून मशीनचा डोस वर चढवून ठेवलाय. पेशंटला जास्त मिळतंय, आणि त्याला ते कळणारही नाही."

"पाच टक्क्यांपर्यंत माफ असतं."

नसतं. पाच टक्के ही सगळ्या चुकांची मिळून मर्यादा. या गृहस्थाने ती आपल्या आळसाला आंदण दिली होती.

सोमवारी मी कागद घेऊन डॉ. विक्रमसिंहांकडे गेले. रेडिएशनचे सगळे उपचार तेच ठरवतात. कदमसरांना कुठून वास लागला कोण जाणे, माझ्या मागोमाग तेही आत आले आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "मीच हिला सांगितलं होतं, जरा नए सिरे से देख लो."

इतकं सहज. मला राग येण्याऐवजी किळस आली.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "कधीपासून चाललंय हे?"

"याच महिन्यापासून," सर म्हणाले.

"मशीन सुरू झालं तेव्हापासून," मी म्हणाले. "अकरा महिने."

सरांनी शांतपणे फाइल उघडून डॉक्टरांपुढे सरकवली. मागच्या चार महिन्यांचे फॉर्म. प्रत्येकावर १.००३, आणि खाली माझी सही. "तपासून सही करायची असते ना, बेटा?"

चारही वेळा मी आकड्याकडे न बघता सही केली होती. त्यांच्याबद्दल मनात जे जे होतं, ते चार महिन्यांपुरतं मलाही लागू होतं.

"दोघांनी लेखी द्या," डॉक्टर म्हणाले. "एक टक्क्याने कुणाला इजा झाली असेल असं मला वाटत नाही. पण इतके महिने ही चूक तुम्हा दोघांना माहीत नव्हती, याचं मला वाईट वाटतं. आजच दुरुस्त करा, आणि या मशीनवरच्या प्रत्येक पेशंटच्या फाइलीत नोंद टाका."

त्या दुपारी उपचार बंद ठेवून आम्ही दोघं मोजायला बसलो. बावीस वर्षांत बहुधा पहिल्यांदा सर मोजणीच्या वेळी माझ्या शेजारी उभे होते. मी व्होल्टेज शंभरवर आणलं. त्यांनी लगेच आकडा लिहायला पेन उघडलं.

"आत्ता नाही, सर. व्होल्टेज बदललं की आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो."

"किती?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"दहा मिनिटं," मी म्हणाले आणि पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "बसा."