बेटावरचा शेरा

धर्माजी रोकड्यांना शेरा लिहिल्याशिवाय कुठूनही उठवत नसे. एकतीस वर्षं जुन्नर-आंबेगावातल्या शाळा तपासण्यात गेली. शाळा बघून झाली की शेरेबुक मागवायचं आणि दोन ओळी ओढायच्या, हा शिरस्ता. निवृत्त झाले तरी दवाखान्यात वही मागत, बँकेत मागत, एकदा तर लेण्याद्रीच्या पायथ्याच्या खानावळीतही मागितली होती. जित्याची खोड, एवढंच ज्योत्स्नाबाई म्हणत. पुढचं नवऱ्याच्या बाबतीत कोण बोलेल?

मंचरला त्यांचं घर हमरस्त्याला खेटून. कांद्या-बटाट्याच्या ट्रकांचे हॉर्न चोवीस तास. दोन हजार चार साली धर्माजींचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी शांतता सांगितली. आता मंचरात शांतता कुठून आणायची? पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीने, प्रज्ञाने, परस्परच कोकणातल्या एका बेटावरच्या भारी हॉटेलात आईबापांसाठी तीन दिवस खोली घेतली.

होडीतून उतरल्यापासूनच धर्माजींचं बिनसलं. शहाळ्यात कागदाची छत्री खोचलेली. मॅनेजर दर दोन शब्दांना सर म्हणे, तेही आजारी पोराशी बोलावं अशा आवाजात. जागोजागी 'शांतता राखा'च्या पाट्या. बागेतला माळी खोकला आला तर तोंड दाबून झाडामागे जाई. ते बघून धर्माजी बायकोला म्हणाले, "माणसानं खोकायचं पण न्हाई का हितं?" लेकीने हौसेनं धाडलंय, गुमान समुद्र बघा, असं उत्तर मिळालं.

पहिल्याच पहाटे त्यांना करकर आवाजाने जाग आली. मंचरच्या हॉर्नांत घोरणारा माणूस, पण इथे दुसरा आवाजच नव्हता. बाहेर जाऊन बघतात तो आवारात विहीर, आणि मागच्या फाटकातून आलेल्या कोळीवाड्यातल्या बाया पाणी शेंदत होत्या. अख्ख्या बेटावर गोड्या पाण्याची ती एकच विहीर. रहाट पार सुकलेला, दर ओढीला बोंबलत होता. एवढं मोठं हॉटेल, आणि याला तेलाचा थेंब घालायला माणूस नाही? धर्माजींना चीड आली. नाश्ता होताच त्यांनी वही मागवली आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'पहाटे विहिरीच्या रहाटाचा फार आवाज येतो. दखल घ्यावी.' खाली सही, तारीख, हुद्दा. मॅनेजरने वाचलं आणि अदबीनं मान लववली.

दुसऱ्या पहाटे कसलाच आवाज आला नाही. बघितलंस, एका शेऱ्यात काम झालं, असं धर्माजींनी बायकोला ऐकवलं आणि तिला घेऊन कौतुकानं रहाट बघायला गेले. रहाट तसाच सुका. दोरही कोरडा. मागच्या फाटकाला मात्र कोरं कुलूप, आणि गजांपलीकडे सात-आठ बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या. राखणदार त्यांना परत जायला सांगत होता. काय झालं म्हणून धर्माजींनी विचारलं. सरूबाई नावाची एक वयस्कर बाई पुढे झाली.

"कुण्या सायबानं वहीत लिवलंय म्हणं. आमचा तरास व्हतो."

धर्माजी तरातरा मॅनेजरकडे गेले. त्याने शांतपणे वही उघडून त्यांचाच शेरा त्यांच्यापुढे धरला. आपण म्हणालात आणि आम्ही दखल घेतली, बाकीचे पाहुणेही खूश आहेत, म्हणाला. धर्माजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी रहाटाचं लिवलं व्हतं. बायांचं न्हाई," ते म्हणाले. त्यावर मॅनेजरने समजूत घातली, की तेलाने रहाट गप्प होईल, बायांच्या बोलण्याचं काय करायचं? धर्माजींनी तिथेच शेऱ्यावर काट मारली. उपयोग शून्य. किल्ली मालकाकडे आणि मालक मुंबईला. सरांनी मात्र हवं तेवढं पाणी खुशाल घ्यावं, म्हणाला.

सरांनी घेतलं. ज्योत्स्नाबाई खोलीतून आपली खोबरेलाची बाटली घेऊन आल्या आणि रहाटाच्या आसात निम्मी रिकामी केली. पहिल्या ओढीलाच रहाट मुका झाला. दोन पैशांचं काम, आणि त्यापायी या लोकांनी गावाचं पाणी तोडलं होतं. धर्माजी भरली बादली घेऊन फाटकाशी आले. गजांतून हंडा आत येईना. सरूबाईने तो जमिनीवर ठेवला, त्याचं तोंड गजांना लावलं आणि वाकून धरला.

"वता वरून. आमी धरतो."

धर्माजींनी बादली उचलली आणि त्यांचा हात थांबला. त्यांची आई अशीच वाकायची. विहिरीपासून लांब, घागर भुईवर ठेवून, वरच्या आळीतल्या कुणाला कधी दया येईल आणि तो वरून पाणी ओतेल याची वाट बघत. लहानगा धर्मा तिचा पदर धरून उभा असे. दर चौदा एप्रिलला त्यांनी ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली होती, संतापानं सांगितली होती. आज बादली त्यांच्या हातात होती. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी बादली खाली ठेवली.

"बाई, वहीत लिवणारा मीच."

सरूबाई सावकाश उभी राहिली. तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. शिवी दिली असती तर बरं, असं धर्माजींना झालं.

"मग उघडा की," ती म्हणाली.

विहिरीपाशी कपडे धुवायचा काळा दगड पडला होता. एकतीस वर्षांत सरकारी खुर्चीचा पाय न मोडलेल्या माणसाने तो दोन्ही हातांनी उचलला. राखणदार घाबरून पुढे आला. साहेब, मला वर कळवावं लागेल, म्हणाला.

"कळव की. वहीत लिव," धर्माजी म्हणाले. "नाव धर्माजी रोकडे. ठळक लिव."

आणि त्यांनी कुलपावर पहिला घाव घातला. त्या बेटावर दोन दिवसांत एवढा मोठा आवाज झाला नव्हता.