आमच्याकडे मांजर नाही

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. समोरचा म्हणाला, "तुमचा सोफा जरा वर नेऊ का?", तर दुसऱ्या बाजूने उचलायला मीच पुढे होते. असल्या भिडस्त बाईने घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने द्याव्यात, हा शुद्ध गाढवपणा. पण आबांना एकटं सोडून नोकरीला जाता येत नव्हतं, आणि खोल्या रिकाम्याच होत्या.

आबा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षं पोस्टमन होते. अख्ख्या गावाचे पत्ते तोंडपाठ असलेला हा माणूस आता स्वतःचा पत्ता विसरतो. रोज सकाळी जुनी खाकी पिशवी खांद्याला अडकवतात आणि "निघतो गं" म्हणतात. गेल्या वर्षी खरंच निघाले आणि सहा तासांनी सापडले. तेव्हापासून फाटकाला कळ दाबून वर ओढायची कडी आहे. आबांना ती उघडता येत नाही.

हे पाहुण्यांना सांगायचं कसं? घरात असा माणूस आहे म्हटल्यावर खोली कोण घेईल? आणि खरं सांगायचं तर, आबांकडे कुणी 'बिचारे' म्हणून पाहिलेलं मला सहन होत नाही. म्हणून मी फाटकावर पाटी लावली: 'कृपया शक्यतो फाटक बंद ठेवावे. मांजर बाहेर जाते.' कृपयाही आणि शक्यतोही. मांजर मात्र आमच्याकडे कधीच नव्हतं.

त्या आठवड्यात वर दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको उतरले होते. मी सवयीने म्हटलं, "घर आपलंच समजा." त्यांनी समजलं. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या स्वयंपाकघरात मीठ शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांचे कपडे माझ्या मशीनमध्ये फिरत होते आणि डॉक्टर माझ्या खुर्चीत बसून आबांशी गप्पा मारत होते. "फार गोड आहेत हो तुमचे आबा," ते म्हणाले. मी आतल्या आत धुमसत होते आणि जबडा दुखेपर्यंत हसत होते. डॉक्टरांनी दात तेवढे पाहिले असतील.

चौथ्या दिवशी सकाळी मी चादरी वाळत घालायला मागच्या अंगणात गेले. दहा मिनिटं, फार तर बारा. परत आले तर आबांची खुर्ची रिकामी. खुंटीवर पिशवी नाही.

डॉक्टर पायरीवर चहा पीत बसले होते.

"आबा कुठायत?"

"गेले ना कामाला! कडी निघत नव्हती त्यांची. मीच उघडून दिली."

"किती वेळ झाला?"

"पाचेक मिनिटं. का हो ताई?"

उत्तर द्यायला मी थांबलेच नाही. कोपऱ्यावरचा शिंपी मशीनवरून मान वर करून म्हणाला, "आबा ना? मोठ्या रस्त्याकडे गेले." मोठा रस्ता ओलांडला की जुनं पोस्ट होतं. आता तिथे गाड्यांचं शोरूम आहे. मी धावत सुटले. मागे डॉक्टरांच्या सपाता फटफटत होत्या. 'परत जा' असं ओरडावंसं वाटलं, तेही मला जमलं नाही.

आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. दोन्ही बाजूंनी गाड्या. पिशवीतून जुनी वर्तमानपत्रं काढून ते घड्या तपासत होते, एक ट्रक त्यांच्या शर्टाला वारा घालून गेला, तरी त्यांनी मान वर केली नाही. मी "आबा!" म्हणून ओरडले. आवाज ऐकून ते हसले आणि माझ्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"हलू नका! तिथेच थांबा!"

वडिलांवर मी जन्मात कधी ओरडले नव्हते. ते थांबले. डॉक्टर दोन्ही हात वर करून सरळ रस्त्यात घुसले, गाड्या कचकन थांबल्या, आणि मी आबांचं मनगट धरलं. नाडी अगदी शांत चालली होती.

घरी आल्यावर आबांना खुर्चीत बसवलं. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, मी पाटी वाचली होती," ते म्हणाले. "फाटक उघडायच्या आधी सगळीकडे बघून घेतलं, मांजर कुठे दिसतंय का ते. दिसलं नाही, म्हणून उघडलं."

या माणसाने माझं सांगणं तंतोतंत पाळलं होतं. रागवायचं तरी कुणावर?

"मी त्यांना रोज संध्याकाळी फिरवून आणू का?" त्यांनी विचारलं. "तेवढीच भरपाई."

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्यांना बाहेर फक्त मी नेणार. आणि स्वयंपाकघरात यायचं नाही. मशीनलाही हात लावायचा नाही."

आता ते सामान उचलून जाणार, आणि जाताना खोल्यांच्या बुकिंगच्या साइटवर एकच तारा देणार, या तयारीने मी उभी होते.

"बरं," डॉक्टर म्हणाले. एवढंच. मग थांबून म्हणाले, "पहिल्या दिवशीच सांगायचं ना, ताई."

दुपारी मी जुनी पाटी काढली आणि नवी लिहिली: 'आमच्याकडे मांजर नाही. माझे वडील घर विसरतात. त्यांनी कितीही विनवलं तरी फाटक उघडू नये.' कृपया लिहायला हात शिवशिवत होता. नाही लिहिलं.

मी खिळा ठोकत होते तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले. लिहिलेलं काहीही दिसलं की मोठ्याने वाचायची त्यांची जुनी सवय. त्यांनी पाटी सावकाश, बोट फिरवत वाचली. माझा हात हवेतच राहिला.

"कुणाचे गं वडील?"

"माझे."

"अरेरे," आबा म्हणाले. मग त्यांनी फाटक ओढून पाहिलं, कडी घट्ट लागल्याची खात्री केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस लिहिलंस ते. जप हो त्यांना."