दंड घातलेली विहीर

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. वालूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, एका कडुलिंबाच्या सावलीत माझे तोंड उघडते. वालूरला माझ्याच जातीची एक बारव आहे. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात आणि तिचे फोटो काढायला लांबून लोक येतात. माझा फोटो एकदाच निघाला, तोही पंचनाम्यासाठी. त्याचीच ही हकिकत.

माणसांनी मला खणले तेव्हा आधी काळी माती लागली, मग मुरूम, मग काळा पाषाण. त्या पाषाणाच्या एका भेगेतून पाणी आले. तिथे देवी राहते, असे काहींनी ठरवले. मी आयुष्यभर आत पाहत आले आहे. मला ती दिसली नाही. दिसले ते एवढेच, की शिवारात पडलेला पाऊस मुरतो, हळूहळू झिरपतो आणि माझ्यापर्यंत येतो. म्हणजे माझ्यातले पाणी माझे एकटीचे नव्हे, भोवतालच्या सगळ्या शेतांचे असते. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

पुष्कळ वर्षे माझे दिवस कामाचे गेले. दोरांनी माझ्या काठाच्या दगडांना खाचा पाडल्या. बाळंतिणी तान्ही लेकरे घेऊन हळदकुंकू वाहायला येत. बन्सीधर नावाचा एक शेतकरी दर उन्हाळ्यात दोराने खाली उतरून माझा गाळ काढी आणि वर येताना भिंतीवर थाप मारी, जशी बैलाच्या पाठीवर मारतात तशी. एका वर्षी त्याने ओढ्यातले तळहाताएवढे कासव आणून माझ्यात सोडले. कासव असलेली विहीर आटत नाही, असे गावात म्हणत. खरे तर जी विहीर आटत नाही, तिच्यातच कासव जगू शकते. कारण आणि परिणाम यांची ही अदलाबदल मला कळत होती. तरी कासव मला आवडले. माझ्यात हालचाल करणारे, माझे असे ते एकटेच होते.

मग गावात नळ आले. दोर सुटले. माझ्यात निर्माल्य पडू लागले, पाठोपाठ प्लास्टिकच्या पिशव्या. बन्सीधर वारला आणि गाळ काढणे थांबले. त्याची बायको मनकर्णा मात्र रोज सकाळी शेळ्या सोडायला जाताना माझ्या काठाशी थांबे, वाकून आत पाही आणि म्हणे, "हाय का रं बाबा?" हा प्रश्न कासवाला असे. कासव वर येऊन नाक पाण्याबाहेर काढी. तेवढे झाले की ती निघून जाई.

माझ्यापासून काही शेते सोडून जमिनीखालून डिझेलची पाइपलाइन गेली होती. खोदलेले चर कंपनीने बुजवले, पिवळे खांब रोवले, आणि लोक ती विसरले. लोखंड विसरत नाही. ते गंजत राहते. एका हिवाळ्यात, हरभरा फुलावर असताना, तिचा एक सांधा उलला. कारंजे उडाले नाही, आग लागली नाही, आवाजही झाला नाही. डिझेल मुकाट्याने मातीत उतरले आणि पाण्याच्या वाटेने माझ्याकडे आले.

त्या सकाळी मनकर्णा वाकली आणि तशीच थांबली. पाण्यावर जांभळे-हिरवे रंग पसरले होते.

"मोराचं पीस पडल्यावानी दिसायलंय," ती म्हणाली. मग तिने नाकाला पदर लावला. "हाय का रं बाबा?"

कासव वर आले, पण नाक बाहेर काढताच त्याने मान फिरवली. मनकर्णाने घरून दोर आणि बादली आणली. कितीतरी वेळा बादली खाली गेली आणि नुसतीच वर आली. अखेरीस कासव तिच्यात शिरले. तिने ते घरी नेले, राखेने आणि पाण्याने पुसले आणि गुरांच्या रिकाम्या दगडी डोणीत पाणी भरून ठेवले. मग ती गावात सांगत सुटली.

पहिल्या दिवशी काही जणांनी माझ्यात नारळ सोडला. देवी कोपली असे त्यांचे निदान होते. नारळ तरंगत राहिला. डिझेलही तरंगत राहिले, कारण ते पाण्याहून हलके असते. दोघांनीही आपापला गुणधर्म पाळला.

पुढे पाइपलाइन फुटल्याचे उघड झाले, पंचनामा झाला, पाण्याचे टँकर आले, वाटेतल्या शेतांतला हरभरा पिवळा पडून गेला. कंपनीवरचा खटला लांबला. तोपर्यंत मनकर्णा येतच राहिली. पण आता आत पाहून काही विचारत नसे. तो काळ मला सर्वांत जड गेला.

आणि एके दिवशी कडुलिंबाखाली ग्रामसभा भरली. कंपनीला दंड झाला होता. तो पैसा गाव सावरण्यासाठीच वापरायचा आणि कसा वापरायचा ते गावाने ठरवायचे, असा न्यायाधिकरणाचा आदेश होता. मित्रांनो, त्या दिवशी माझा निकाल लागणार होता. कारण सरपंच किशनराव यांचे मत पक्के होते.

"हिला बुजवून टाकू," ते म्हणाले. "वर मस्त सभामंडप बांधू. वास बी जाईल अन् गावाला शोभा बी येईल. नुकसानभरपाई शेतकऱ्याला येगळी मिळायलीच हाय. हा पैसा गावाचा हाय."

"कमान बी बसवा," मागून कोणीतरी म्हणाले. "सरपंचाचं नाव लिवायला जागा लागंल."

हसू उसळले. किशनरावही हसले, पण मंडप सोडला नाही.

पाणी तपासायला जिल्ह्याहून आलेल्या सत्यशीला बाजूला उभ्या होत्या. परभणीच्या त्यांच्या प्रयोगशाळेत माझे पाणी बाटल्यांतून अनेकदा गेले होते. मनकर्णाने त्यांना हळूच विचारले, "म्याडम, कंपनीला काय केलं म्हणले?"

"दंड घातला, मावशी."

"बरं केलं," मनकर्णा मान डोलावून म्हणाली. "आता कुटून कापायचं?"

"काय कापायचं?"

"आवो, दंड घालायचा म्हणल्यावर इरलेलं कापावं लागतंच की. तसंच शिवलं तर पुन्ना तिथंच फाटंल."

क्षणभर कोणाला कळले नाही. मग बायकांच्या बाजूने हशा सुरू झाला. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग कापून काढतात आणि दोन्हीकडचे धड काठ एकमेकांना शिवतात. त्यालाही आमच्याकडे दंड घालणे म्हणतात. मनकर्णाला वाटले होते, कोर्टाने कंपनीला शिवण घालायला लावली.

"काकू, लुगड्याचा न्हाई, पैशाचा दंड," किशनराव डोळे पुसत म्हणाले.

"अगं बाई." मनकर्णाने पदर तोंडावर धरला आणि तीही हसली. "म्या म्हणलं, शेवटी कुणीतरी शिवायला बसलं."

सत्यशीला मात्र हसत नव्हत्या. हशा ओसरल्यावर त्यांनी काठावर हात ठेवला. "सरपंच, विहीर बुजवली तरी डिझेल जाणार नाही. ते मातीत आहे आणि पाण्याबरोबर पुढे सरकतंय. ते उपसून काढायला ही विहीर हेच तोंड आहे. हे बुजवलं, तर ते उद्या खालच्या बोअरला निघेल."

"खालचा बोअर कुणाचा हाय?" कोणीतरी विचारले.

"सरपंचाचाच की," दुसऱ्याने सांगितले.

या वेळी किशनराव हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले, आणि मला वाटते कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वाकून आत पाहिले. त्यांचा चेहरा त्या रंगांत फाटून दिसत होता. लहानपणी याच काठावरून ते उड्या मारीत. बन्सीधर त्यांना कान धरून बाहेर काढी.

"म्याडम, खरंच निघंल का हे?"

"बरंचसं निघेल. सगळं निघेल असं मी म्हणणार नाही. वेळ लागेल."

किशनरावांनी काठावरच्या दोराच्या खाचेवरून बोट फिरवले. मग सभेकडे वळून म्हणाले, "मंडप ऱ्हाऊ द्या. काकू म्हणती तसा दंड घाला."

त्यानंतर काम सुरू झाले. पंपांनी माझ्यातले पाणी उपसले, वरचे तेल वेगळे केले, पुन्हा उपसले. फुटलेल्या सांध्याजवळची माती खरवडून नेली आणि तिथे दुसरी आणून टाकली. माझ्या भिंती घासताना कामगारांना बन्सीधरच्या पाय ठेवायच्या खाचा सापडल्या. त्याच धरून ते उतरले. पाणी तपासले, ते नापास झाले. पावसाळ्यानंतर तपासले, पुन्हा नापास. "कासव सोडून बघा, जगलं तर पाणी चांगलं," असे एकाने सुचवले. मनकर्णाने त्याच्याकडे असे पाहिले, की तो सूचना विसरला.

मित्रांनो, दंड घातलेले लुगडे नवे होत नाही. ते आखूड होते आणि शिवण कायम दिसते. सांध्याजवळच्या पट्ट्यात अजून गहू धरत नाही. माझे पाणी गुरांना आणि पिकांना चालते असा अहवाल आला. माणसांनी प्यायला अजून थांबा, असेही त्यात आहे. मला हा अहवाल आवडला, कारण त्यात खोटा दिलासा नाही.

अहवाल आला त्याच्या दुसऱ्या सकाळी मनकर्णा बादली घेऊन आली. दोर किशनरावांनी धरला होता. "दमानं सोड, किसन," ती म्हणाली. बादली पाण्याला टेकली, कलली, आणि कासव माझ्यात उतरून दिसेनासे झाले.

दोघे वाट पाहत राहिले. पाणी स्थिर होते आणि त्यात आभाळ होते, दुसरा कुठला रंग नव्हता.

"हाय का रं बाबा?"

कासव वर आले. त्याने नाक बाहेर काढले आणि या वेळी मान फिरवली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी असेल. तिला नारळ नको, कमान नको. रोज जाता-येता तिच्यात एकदा वाकून पाहा. माझे दुखणे सर्वांत आधी कळले ते पाहणाऱ्या एका बाईला, आणि तीही मला पाहायला येत नव्हती. कासवाला पाहायला येत होती. मला तेवढेही पुरले.